अठरा जीबीची मोजणी

"लगतदाराला नोटीस पोचली का?" केंजळे काकांनी विचारलं.

मी टेबलाखाली पालथी पडले होते. तोंडात स्क्रू, हातात टॉर्च. लगतदार म्हणजे शेजारच्या जमिनीचा मालक, एवढं मला ठाऊक होतं. या प्रकरणातला लगतदार म्हणजे काकांची बायको, आणि ती त्यांच्यापासून चार हातांवर पलंगावर बसून मटार सोलत होती.

मी स्क्रू तोंडातून काढला. "काका, बाई समोरच बसल्यात की."

"समोर बसणं वेगळं, नोटीस पोचणं वेगळं. पोच आहे का, मुजावर मॅडम?"

बाईंनी सूप बाजूला ठेवलं, कपाटावरच्या पंचांगातून एक कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "रेश्मा, यांना सांग, परवाच मिळाली. रजिस्टर पोस्टानं. पाठवणारा केंजळे, घेणारी केंजळे, पत्ता एकच. पोस्टमननं मला बाजूला घेऊन विचारलं, बाई, घरात सगळं बरं आहे ना."

"काका, परवाच मिळाली," मी म्हणाले.

"ऐकलं मी. नोंद घ्या."

ही रहिमतपूरची गोष्ट, दोन हजार नऊच्या फेब्रुवारीतली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. अब्बांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातली अर्धी जागा भांडून घेऊन तिथं 'मुजावर कॉम्प्युटर्स' अशी पाटी लावली होती. गावात कॉम्प्युटर उघडून परत बंद करता येणारी मी एकटीच होते, त्यामुळं डोक्यात बरीच हवा होती. कुणी काही सुचवलं की मी त्याच्याकडे अशी बघायचे की तो पुढचं गिळून टाकायचा.

भालचंद्र केंजळे भूमापनातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या बांधांवर उभं राहून जमिनी मोजल्या. त्यांच्या सहीचा पंचनामा कोर्टात कधी खोटा ठरला नाही, असं ते स्वतःच सांगायचे आणि लोकही सांगायचे. प्रमिला केंजळे म्हणजे आमच्या केंजळे बाई. मला तिसरीला त्याच होत्या. त्या वर्गात पाढे म्हणायला लागल्या की बाजारात भाजीवाल्यांना पाठ व्हायचे, असला आवाज.

तर त्या आवाजावरूनच सगळं बिनसलं होतं. चौदा महिन्यांपूर्वी कोरेगावात पुतण्याचं लग्न होतं. पंगत उठल्यावर बाई चारचौघींत काहीतरी रंगवून सांगत होत्या. काका मागून आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आवाज कमी कर जरा. इथं वर्ग भरलेला नाही." बायका खोखो हसल्या. बाईंनी वाक्य अर्धवट सोडलं ते सोडलंच. त्या दिवसापासून नवऱ्याशी एक अक्षर नाही. दूधवाल्याशी बोलायच्या, मांजराशी बोलायच्या, माझ्याशी तर बोलायच्याच. काकांशी बोलायचं झालं तर मध्ये कुणीतरी माणूस लागायचं. काका गावभर सांगायचे, "काय शांतता मिळाली म्हणून सांगू!"

घरात कॉम्प्युटर एकच. मुलगा मिलिंद बेंगळुरूहून आला होता तेव्हा देऊन गेला. पण दोघांचं पहिल्याच दिवशी पडद्यावर चित्र कुठलं लावायचं यावरून वाजलं, म्हणून त्यानं एकाच डिस्कचे दोन भाग केले आणि दोन वेगळ्या सिस्टिम टाकल्या. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर दोन नावं यायची. वरचं लिनक्स, ते काकांचं. खालचं विंडोज, ते बाईंचं. ज्यानं त्यानं आपलं नाव निवडून आपल्या घरात शिरायचं. डिस्कवर काकांचा भाग आधी, बाईंचा नंतर, कारण काका म्हणाले होते की गट नंबर मोठ्यापासून सुरू होतात.

आता मुद्द्याचं. बाईंची जागा संपत आली होती.

नागझरीची सुवर्णा घाडगे ही बाईंची जुनी विद्यार्थिनी. जन्मापासून डोळ्यांनी दिसत नाही. ती त्या वर्षी बारावीला होती आणि बाई तिच्यासाठी सगळी पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करत होत्या. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र. ऐंशी तासांचं झालं होतं. पण सीडी अजून एकही दिलेली नव्हती, कारण पुस्तक पुरं झाल्याशिवाय द्यायचं नाही हा बाईंचा हट्ट, आणि एकेका पुस्तकातलं एखाददुसरं प्रकरण अडून बसलं होतं. परीक्षा नऊ दिवसांवर आली होती आणि डिस्कमध्ये जेमतेम एखादं प्रकरण मावेल एवढीच जागा उरली होती.

"बाई, फाइल दाबून लहान करता येतात," मी दुकानात सांगून पाहिलं होतं.

"आवाज दाबायचा?" बाई म्हणाल्या. "तो मी आधीच चौदा महिने दाबलाय. आता नाही."

मग मी काकांकडे गेले. त्यांना म्हटलं, सोपं आहे. तुमच्या बाजूची थोडी जागा कापते, तिचा एक वेगळा ड्राइव्ह करते, बाई त्यात ठेवतील. पाच मिनिटांचं काम.

"वेगळा म्हणजे त्यांच्या गटात नाही?"

"लागूनच आहे, पण वेगळा."

"म्हणजे तुकडा." काकांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, या राज्यात तुकडेबंदी आहे. एवढासा तुकडा स्वतंत्र पाडता येत नाही. लगतच्या गटात विलीन करावा लागतो."

"काका, तो कायदा शेताला आहे."

"तत्त्व एकच. मी सही केलेल्या कागदावर तुकडा? उद्या कुणी बोट दाखवलं तर?"

कोण बोट दाखवणार होतं देव जाणे. पण ते हटेनात, आणि ते हो म्हटल्याशिवाय त्यांच्या बाजूला हात लावायचा नाही असं बाईंनीच बजावलं होतं. विलीन करायचं म्हणजे बाईंचा अख्खा भाग डिस्कवर अलीकडे सरकवायचा. वर्गातल्या सगळ्या पोरांना एकेक बाक पुढं सरकवण्यासारखं ते असतं. दोन-तीन तास लागतात, आणि सरकवता सरकवता मध्येच लाइट गेली तर कुठलं पोर कुठं बसलंय हे कुणालाच कळत नाही.

आधी कॉपी काढून ठेवायला हवी होती. पण माझी मोठी डिस्क कराडला एका फोटो स्टुडिओवाल्याकडे होती, ती गुरुवारी येणार. "गुरुवारपर्यंत माझी चार प्रकरणं होतात," बाई म्हणाल्या. मी म्हणाले, "काही होत नाही हो बाई. डोळे झाकून करते." हे वाक्य मी त्यानंतर आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही.

साधी मोजणी, तातडीची मोजणी आणि अतितातडीची मोजणी, असे तीन प्रकार असतात म्हणे. परीक्षा जवळ आल्यामुळं काकांनी मोठ्या मनानं अतितातडीची मंजूर केली. म्हणून सोमवारी सकाळी आठ वाजता मी तिथं होते.

पंच क्रमांक एक होते सर्जेराव माने, गल्लीतले मंडपवाले. पंच क्रमांक दोन मी. सर्जेराव दाढीला साबण लावता लावता उठून आले होते, एका गालाला फेस तसाच.

"आवं काका, दुपारी हळद हाय माझ्याकडं. मंडप घालायचाय. उरका की."

"स्थळपाहणी झाल्याशिवाय उरकत नाही," काका म्हणाले. "मॅडम, जागा दाखवा."

"काका, जागा पडद्यावर दिसते."

"मी चौतीस वर्षांत नकाशावर बघून मोजणी केली नाही. जागेवर जाऊनच केली."

तर त्यासाठी मी टेबलाखाली घुसून कॅबिनेट उघडत होते. झाकण निघाल्यावर काका गुडघ्यांवर बसले, खिशातून स्टीलची पट्टी काढली आणि ती डिस्क लांबीरुंदीला मोजली. मग मला लिहायला लावलं. "चतुःसीमा. पूर्वेस पंखा. पश्चिमेस सीडीचा खण. उत्तरेस पॉवर सप्लाय. दक्षिणेस कॅबिनेटचा तळ, त्यावर धूळ." मी सगळं लिहिलं. काय करता!

"धूळ कशाला लिहायची?" मी विचारलं.

"आहे म्हणून."

"रेश्मा," बाई मटार सोलता सोलता म्हणाल्या, "यांना सांग, ती धूळ पुसायची पाळी यांची होती."

मग मी डिस्कचे भाग दाखवणारी माझी सीडी घालून मशीन सुरू केलं. पडद्यावर डिस्कचा लांबच्या लांब पट्टा आला, मध्ये एक रेघ. काका खुर्ची ओढून बसले.

"एकूण क्षेत्र?"

"डिस्कवर एकशे साठ लिहिलंय. प्रत्यक्षात एकशे एकोणपन्नास दिसतात."

काकांचा चेहरा बदलला. "अकरा जीबी कुठं गेले?"

"कुठं गेले नाहीत, काका. कंपनी हजारानं मोजते आणि कॉम्प्युटर एक हजार चोवीसनं. तेवढा फरक पडतोच."

"सर्जेराव, ऐकलंत? मोजायच्या दोन साखळ्या. खरेदीच्या वेळी एक आणि मोजणीच्या वेळी दुसरी." त्यांनी अर्धा तास त्या अकरा जीबींचा पाठपुरावा केला. अतिक्रमण आहे का, सरकारजमा आहे का, रस्त्यात गेले का. शेवटी स्वतःच तोडगा काढला. "लिहा. पोटखराबा, अकरा." पोटखराबा म्हणजे सातबाऱ्यावर असते पण पिकत नाही ती जमीन. एवढं लिहून झाल्यावर त्यांना खरंच बरं वाटलं, मी बघत होते.

दहा वाजले तेव्हा बाई उठल्या, आत गेल्या आणि एका वाटीत गोळी आणि शेजारी पाण्याचा पेला असं काकांच्या कोपराजवळ ठेवून गेल्या. ना बोलणं, ना बघणं. काकांनीही न बघता गोळी घेतली. ती रक्तदाबाची होती.

"आता ताबा आणि पीक," काका म्हणाले. "गट एक, ताबा भालचंद्र केंजळे. पीक..." आणि ते थांबले.

पट्ट्यात काकांचा भाग पिवळा दिसत होता. पिवळं म्हणजे भरलेलं. पंच्याहत्तर जीबीतले पंचावन्न भरलेले. मी म्हटलं, "काका, तुमच्या इथं तर..."

"पडीक," काका म्हणाले. "लिहा, पडीक."

"पण पंचावन्न जीबी भरलेत की हो!"

"मोजणीदारानं हद्द बघायची. आत शिरायचं नाही."

बाईंचे हात थांबले. "रेश्मा, विचार यांना, एवढं काय साठवलंय?"

"गवत," काका पडद्याकडे बघत म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "पडीक जमिनीत गवत वाढतं. लिहा, मॅडम. आणि मी अठरा जीबी देतो. त्यावर एक इंच नाही."

सर्जेरावांनी मला कोपर मारलं आणि कुजबुजले, "पोरी, लिही गप. रिटायर माणूस, दुपारचा एकटा असतोय. नगं बघूस आत." मीही तेच समजले. पडीक लिहिलं आणि पंच म्हणून खाली सही ठोकली. माणूस चौतीस वर्षं खरं लिहितो आणि म्हातारपणी असलं काहीतरी लपवतो, असं मनात आलं आणि काकांचा जरा रागच आला.

शेवटचं राहिलं होतं हद्दीच्या खुणांचं. काकांनी जुन्या साडीच्या लाल चिंध्या आणल्या. "मॅडम, टेबलाखाली त्या तीन-चार काळ्या वायरी आहेत. प्रत्येकीला खूण बांधू. कोणती कुणाची ते कळलं पाहिजे."

माझी आता हद्द झाली होती. "काका, चतुःसीमा झाली, पोटखराबा झाला. आता चिंध्या नकोत. मला माहितीय कोणती वायर कुठं जाते. हे माझं काम आहे."

काकांनी चिंध्या घडी करून खिशात ठेवल्या.

दहा वीसला मी बटण दाबलं. पडद्यावर आलं, उरलेला वेळ दोन तास पस्तीस मिनिटं. त्या दिवसांत लाइट जायचं वेळापत्रक ठरलेलं होतं. आमच्या भागात सव्वा एकला जायची. म्हणजे एकला पाच कमी असताना काम होणार, वीस मिनिटं हातात. मी ऐटीत खुर्चीवर रेलले. बाईंनी मटार उसळ आणि भाकरी वाढली. सर्जेरावांनी घरी जाऊन दुसरा गाल करून आणला.

साडेअकराला उरलेला वेळ होता एक तास चाळीस. बाराला होता एक तास पन्नास.

"वाढला कसा?" काकांनी विचारलं.

"काका, ते अंदाज असतात."

"मी असा अंदाज दिला असता तर लोकांनी बांधावरच मारलं असतं."

एकला वीस मिनिटं कमी असताना मी घड्याळ आणि पडदा आळीपाळीनं बघायला लागले. पडद्यावर एक तास. सव्वा एकला पंखा थांबला. यूपीएस चित्कारायला लागला, पीं, पीं, पीं. पडद्यावर होतं, बावीस मिनिटं. आणि यूपीएस फार तर पंधरा मिनिटं धरायचा.

"बाई, जाईल सगळं," मी म्हणाले.

"सर्जेराव, जनरेटर!" काका उठले.

"हळदीला ठिवलाय, काका!"

"हळद थांबेल! आणा!"

सर्जेराव धोतर आवरत पळाले. मंडपाचा जनरेटर हातगाड्यावर घालून ते आणि त्यांचा गडी गल्लीतून ढकलत आणताना मला खिडकीतून दिसत होते. मागून नवरदेवाचा मामा ओरडत होता, "अहो माने, आमचा आहे तो!" घरासमोर गाडा थांबला, दोरी ओढली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा धडधडलं. घर धुरानं भरलं. खिडकीतून लांब वायर आत आली. आता फक्त यूपीएसची पिन भिंतीतून काढायची आणि या वायरीच्या बोर्डात घालायची. यूपीएस आता सलग किंचाळत होता. मी टेबलाखाली घुसले. तीन काळ्या पिना, तिन्ही सारख्या. मी एक धरली आणि ओढली.

यूपीएस किंचाळतच राहिला. कॉम्प्युटर बंद पडला.

मी टेबलाखालून बाहेर आले नाही. तिथंच बसले. कुणीतरी माझ्या हातातली पिन काढून घेतली. बहुतेक सर्जेराव. त्यांनी सगळं नीट जोडलं, बटण दाबलं, पडद्यावर दोन नावं आली. मी हात लांब करून खालचं नाव निवडलं. पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली आणि थांबली. मी परत केलं. परत तीच ओळ. माझी सीडी घालून पट्टा बघितला. बाईंच्या भागावर राखाडी रंग आणि एक प्रश्नचिन्ह.

"रेश्मा, काय म्हणतंय ते?" बाईंनी विचारलं.

"गेलं, बाई."

"गेलं म्हणजे?"

"म्हणजे सगळंच गेलं. माझ्या हातानं गेलं. मी चुकीची पिन ओढली." आणि मी भोकाड पसरलं. तिसरीत पाटी फुटली होती तेव्हा त्यांच्यासमोर रडले होते, त्यानंतर तेव्हाच.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पलंगावर बसल्या आणि बोटांवर मोजायला लागल्या. "ऐंशी तास. नऊ दिवस. म्हणजे रोज नऊ तास वाचायचं." मग म्हणाल्या, "सुवर्णाला लगेच कळवू नको. तिची झोप उडेल." त्या उठल्या, कपाटातून इतिहासाचं पुस्तक काढलं, पहिलं पान उघडलं आणि घसा खाकरला. घसा आधीच बसलेला होता. पहिलंच वाक्य वाचताना तो दोनदा फाटला. या अल्ला, मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"मुजावर मॅडम," काका म्हणाले, "वरचं नाव उघडा."

"काका, आता राहू द्या ना."

"उघडा म्हणतो ना. पंच हजर आहेत तोवर उघडा. पंचनाम्यात चूक झालेली आहे."

मी डोळे पुसत वरचं नाव निवडलं. काकांचा भाग जिवंत होता, त्याला काही झालं नव्हतं. काकांनी माझ्याकडून माउस घेतला. एक फोल्डर उघडलं, त्याला तारखेचं नाव. त्याच्याखाली दुसरं, दुसरी तारीख. असे खाली खाली सरकत गेले, तारखांमागून तारखा, मागच्या जूनपासूनच्या. प्रत्येकात बाईंच्या फाइली. इतिहास प्रकरण एक. इतिहास प्रकरण दोन.

माझी ट्यूब तेव्हा पेटली. या दोन सिस्टिममध्ये एक गंमत असते. काकांच्या बाजूनं बाईंचा भाग उघडून बघता येतो. बाईंच्या बाजूनं काकांचा दिसत नाही.

"दुपारी ह्या भाजी आणायला जायच्या तेव्हा," काका भिंतीकडे बघून म्हणाले. "दिसायचं म्हणून एकदा ऐकलं. मग ठेवलं. मशीन बिघडलं तर आपल्याला परत ऐकायला मिळणार नाही, म्हणून ठेवलं. कालचं प्रकरण तेवढं नाही. काल मी मोजणीचे कागद तयार करत बसलो होतो."

"आत सगळं हेच हाय न्हवं, काका?" सर्जेराव म्हणाले. ते बिचारे अजून आत काय निघणार या भीतीत होते.

काकांनी मधलीच एक फाइल दाबली. कानानं थोडं कमी ऐकू यायचं म्हणून स्पीकर पूर्ण सोडलेला असायचा. बाईंचा आवाज घरभर, धडधडत्या जनरेटरच्या वर, निघाला. "प्रकरण सहावं. लक्ष दे हं सुवर्णा, हे पाच मार्कांना हमखास येतं." मग दोन मिनिटं राज्यशास्त्र. आणि मध्येच, "थांब गं जरा. दहा वाजले. ह्यांची गोळी ठेवून येते, नाहीतर हे घेणार नाहीत आणि चक्कर येऊन पडतील. मग मलाच उचलावं लागेल. आलेच." पाटाचा आवाज, पावलांचा आवाज, आणि मग बराच वेळ नुसती शांतता. काकांनी ती शांतताही पुढे सरकवली नाही.

बाईंचा चेहरा पार बदलून गेला होता. पुस्तक तसंच उघडं हातात होतं.

"आवाज कमी करा," त्या म्हणाल्या.

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. सर्जेरावांकडेही नाही.

काकांनी हात कानामागं नेला. "काय?"

"आवाज कमी करा म्हटलं. गल्लीत ऐकू जातंय."

"नीट ऐकू आलं नाही."

"आवाज कमी करा!" बाई ओरडल्या, तिसरीच्या वर्गात ओरडायच्या तशा.

"काका," सर्जेराव म्हणाले, "हळदीच्या मांडवात ऐकू गेलं की आता."

"मला नाही गेलं," काका म्हणाले आणि त्यांनी रुमाल काढून चष्मा न काढताच डोळे पुसले. आवाज त्यांनी शेवटपर्यंत कमी केला नाही.

जनरेटर चालू होता तोवर मी सीडी काढायला बसले. एकेक सीडी निघताना काकांनी तिच्यावर नंबर घातला. बाईंनी कालचं प्रकरण त्याच संध्याकाळी पुन्हा वाचलं आणि बाकीची चार दिवसांत संपवली. काका तेव्हा शेजारी बसायचे. शनिवारी मी स्वतः सायकलवर नागझरीला जाऊन सगळ्या सीडी सुवर्णाच्या हातात दिल्या. ती पास झाली, आणि राज्यशास्त्रात तिला बहात्तर मिळाले. पेपरात गोळीचा प्रश्न आला नाही, असं ती अजून म्हणते.

पण ते नंतरचं. त्या दुपारी सर्जेराव जनरेटर घेऊन जायला निघाले तेव्हा काकांनी त्यांना दारातच अडवलं. "पंच, सही राहिलीय."

त्यांनी पंचनामा टेबलावर सरळ केला. पीक या रकान्यातल्या 'पडीक' या शब्दावर पट्टी ठेवून एक रेघ मारली. वर बारीक अक्षरात लिहिलं, 'बागायत, बारमाही'. बाजूला छोटी सही केली, तारीख घातली, माझी आणि सर्जेरावांची सही घेतली. मग तो कागद माझ्याकडे न देता थेट बाईंच्या पुढं सरकवला.

"लगतदारानं वाचून सही करायची असते," ते म्हणाले.

बाईंनी चष्मा लावला, कागद हातात घेतला आणि वाचायला सुरुवात केली. चतुःसीमेपासून, धुळीसकट, मोठ्यानं.